बालपरिचर्येची स्वतंत्र पदवी

ब्रिटनमध्ये परिचारिका होण्यासाठी विद्यापीठात अर्ज करतानाच शाखा ठरवावी लागते. प्रौढांची परिचर्या, मुलांची परिचर्या, मानसिक आरोग्य आणि अध्ययन-अक्षमता अशा चार शाखा तिथे आहेत. पदवी मिळाल्यावर ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नावासमोर त्याच शाखेची नोंद होते. मुलांची शाखा घेतलेला विद्यार्थी पहिल्या वर्षापासून नवजात बाळापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या रुग्णांचाच प्रामुख्याने अभ्यास करतो. जगात ही पद्धत अपवादात्मक आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या देशांत आधी सर्वसाधारण परिचारिका घडते आणि मुलांकडे वळायचे ते नंतर. बालपरिचर्येला पायापासून स्वतंत्र पदवी हवी की सर्वसाधारण पदवीवर चढवलेला एक मजला पुरेसा आहे, हा वाद म्हणूनच ब्रिटनबाहेरही महत्त्वाचा ठरतो.

स्वतंत्र पदवीच्या बाजूने सहसा शरीराचा दाखला दिला जातो. मुलाचे शरीर लहान आणि नाजूक, म्हणून त्याची परिचर्या वेगळी, असा हा युक्तिवाद. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. शरीरातले फरक पुस्तकातून आणि सहा महिन्यांच्या अनुभवातून बऱ्यापैकी शिकता येतात. जे तसे शिकता येत नाही ते म्हणजे सांगू न शकणाऱ्या रुग्णाला वाचणे. ही नजर निरोगी मुले पुष्कळ पाहिल्यावरच येते, आणि त्यासाठी लागणारा वेळ सर्वसाधारण अभ्यासक्रमात निघत नाही. स्वतंत्र पदवीचे खरे समर्थन इथे आहे, आणि या शाखेचा इतिहासही तेच दाखवतो.

पॅरिसमध्ये मुलांसाठीचे रुग्णालय १८०२ मध्ये सुरू झाले. लंडनला त्यासाठी आणखी पन्नास वर्षे लागली. डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीतून १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात अवघ्या दहा खाटांचे रुग्णालय उघडले. वेस्ट यांनी दोनच वर्षांनी आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर परिचारिकांसाठी छोटे पुस्तक लिहिले. पुढे याच रुग्णालयाच्या प्रमुख परिचारिका कॅथरीन वुड यांनी आग्रह धरला की मुलांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण वेगळेच असले पाहिजे, आणि तिथे तसे प्रशिक्षण १८७८ मध्ये सुरू झाले. १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची सरकारी नोंदवही आली तेव्हा आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी तिच्यात स्वतंत्र पुरवणी विभाग ठेवला गेला. मुख्य भाग सर्वसाधारण परिचारिकांचा आणि मुलांचा विभाग पुरवणीत, या मांडणीतला दुय्यमपणा पुढची कित्येक दशके टिकला.

वेगळे रुग्णालय, वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी नोंद मिळूनही मुलाला कसे वाचायचे हे कळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मूल भेटायचे ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा, ठरलेल्या तासाला. त्याची कारणे दोन सांगितली जात. एक संसर्गाचे. दुसरे असे की, आई आली की मूल रडते आणि ती गेल्यावर आणखी रडते. ती आलीच नाही तर दोन-तीन दिवसांत ते रुळते. हे ‘रुळलेले’ मूल वॉर्डात शहाणे गणले जाई. जेम्स रॉबर्टसन या सामाजिक कार्यकर्त्याने १९५२ मध्ये एक चित्रपट केला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यात रोजचे चित्रण होते. मुलगी फारशी रडत नाही, आदळआपट करत नाही, आणि तरीही प्रत्येक दिवशी ती थोडी थोडी मिटत जाते हे पडद्यावर कोणालाही दिसत होते. रॉबर्टसन यांनी या वागण्याचे टप्पे मांडले: आधी निषेध, मग निराशा, आणि शेवटी आईशी असलेला धागाच सैल होणे. ज्याला परिचारिका रुळणे म्हणत होत्या ते निराशेत बुडणे होते. या परिचारिका निर्दय नव्हत्या. रडणारे मूल त्रासात आहे आणि गप्प मूल ठीक आहे, असेच त्यांना शिकवले गेले होते.

शल्यविशारद सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ मध्ये दिलेल्या अहवालात भेटीच्या वेळांवरची बंधने काढावीत आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे अशा शिफारशी केल्या. त्या अमलात येण्यास बराच काळ आणि पालकांच्या संघटनांचा पाठपुरावा लागला. आज ब्रिटनमधल्या बहुतेक बालवॉर्डांत खाटेशेजारी पालकाची घडीची खाट असते ती या अहवालामुळे. बालपरिचर्येच्या अभ्यासक्रमात हा अहवाल आजही शिकवला जातो, आणि तो योग्यच आहे, कारण एक अख्खा व्यवसाय चांगल्या हेतूने किती चुकीचे वाचू शकतो याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही.

वेदनेबाबतही हेच घडले. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळाला वेदना पुरेशी जाणवत नाही असे मानून अनेक ठिकाणी त्याच्यावर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दाखवले की, अशा बाळांच्या शरीरात शस्त्रक्रियेदरम्यान तणावाच्या संप्रेरकांचा अक्षरशः पूर येतो आणि नीट भूल दिली की तो ओसरतो व बाळ नंतर सुधारतेही चांगले. त्यानंतर वेदना मोजण्याची बालकांसाठीची साधने वाढली. आज विद्यार्थ्याला शिकवल्या जाणाऱ्या ‘फ्लॅक’ मापनात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत करता येणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन वेदनेचा अंदाज घेतात. कोष्टक सोपे आहे. पण पाय पोटाशी ओढून पडलेले बाळ नेहमीच तसे झोपते की आज वेगळे झोपले आहे, हे कोष्टक सांगत नाही.

आता शरीराकडे वळू, कारण अपुरा असला तरी तो युक्तिवाद खरा आहे. नवजात बाळाच्या अंगात दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तपासणीसाठी एक मिलिलिटर रक्त काढले तर ते प्रौढाच्या अंगातून साठेक मिलिलिटर काढण्यासारखे होते. म्हणून नवजात विभागात प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवतात. औषध वजनावर मोजतात. ब्रिटनमध्ये शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. चार किलोच्या बाळाला किलोमागे साडेसात मिलिग्रॅमप्रमाणे ३० मिलिग्रॅम, म्हणजे तीन मिलिलिटर द्यायचे असते. घाईत कोणी ३० हा आकडा मिलिलिटर समजून भरला तर मात्रा दसपट होते, आणि तीस मिलिलिटरची सिरिंज हातात विचित्रही वाटत नाही, कारण मोठ्यांच्या वॉर्डात ते प्रमाण किरकोळ असते. अशा चुका प्रत्यक्षात झालेल्या आहेत. औषधांच्या गणिताच्या परीक्षेत अभ्यासक्रम संपेपर्यंत शंभरपैकी शंभर गुण मिळवावेच लागतात, असा तिथला नियम आहे. इतर विषयांत याहून बऱ्याच कमी गुणांवर पुढे जाता येते, इथे नाही. हा कठोरपणा पूर्णपणे समर्थनीय आहे.

याहून धोकादायक फरक म्हणजे मुलाचे शरीर आजार झाकते. रक्तप्रवाह कमी पडू लागला की मूल हृदयाचा वेग वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. प्रौढात लवकर दिसणारी रक्तदाबातली घसरण मुलात अगदी शेवटी दिसते आणि मग ढासळणे वेगाने होते. श्वासाचेही तसेच. धापा टाकणारे, छातीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढणारे मूल अचानक शांत झाले, श्वास हळू झाला, तर नवख्या माणसाला हायसे वाटते. वास्तविक ते थकलेले असते आणि मदतीची हाक त्याच क्षणी द्यायची असते. गप्प मुलाकडे संशयाने पाहायला शिकणे हा या पदवीचा गाभा आहे. त्यासाठी त्या वयाचे निरोगी मूल किती वेगाने श्वास घेते, परक्या माणसाकडे कसे पाहते, कधी हात झटकते, कधी कुशीत शिरते हे अंगात मुरलेले असावे लागते. आठ महिन्यांचे मूल अनोळखी परिचारिकेला पाहून बहुधा रडते; ते निमूटपणे सुई टोचून घेत असेल तर काहीतरी बिघडल्याची शंका घ्यायला हवी.

म्हणूनच या अभ्यासक्रमाच्या तासांची विभागणी पाहण्यासारखी आहे. एकूण किमान ४,६०० तास, त्यांतले निम्मे विद्यापीठात आणि निम्मे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. विद्यार्थी बालवॉर्ड, शस्त्रक्रियागृह, नवजात अतिदक्षता कक्ष इथे जातातच. पण पाळणाघर, शाळेतली परिचारिका, घरोघरी जाणारी हेल्थ व्हिजिटर यांच्याबरोबरही काही आठवडे काढतात. रुग्णालयाचा ध्यास घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पाळणाघरातले आठवडे वाया गेल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा काळ कोणता असे ठरवायचे तर तो हाच, कारण पुढची सगळी तुलना याच साठ्यातून होते. सर्वसाधारण पदवीत मुलांसाठी मिळणारे काही आठवडे आजारी मुलांवरच खर्च होतात, आणि मोजपट्टी नसलेल्या माणसाच्या हाती मोजायचे काम येते.

दुसरा मोठा विषय म्हणजे कुटुंब. प्रौढ रुग्णाच्या परिचर्येत नाते दोघांचे असते. इथे ते तिघांचे आणि कधी आजी-आजोबांसह सात-आठ जणांचे असते. ॲन केसी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या भागीदारीच्या प्रारूपात पालकाला परिचर्येतला सहकारी मानले आहे: मुलाचे रोजचे करणे पालकाने करावे, परिचारिकेने विशेष ज्ञानाची कामे करावीत, आणि कोणी काय करायचे हे दोघांनी बोलून ठरवावे. कागदावर हे सुंदर दिसते. व्यवहारात दोन धोके आहेत. एक, मनुष्यबळ कमी असलेल्या वॉर्डात भागीदारीच्या नावाखाली आईवर फुकटची ड्यूटी लादली जाते. दुसरा त्याच्या उलट: आईने ‘आज हा वेगळाच वाटतोय’ म्हटले की ते काळजीपोटी केलेले बोलणे समजून सोडून दिले जाते. २०२१ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीचा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला; आईवडिलांनी वेळोवेळी व्यक्त केलेली काळजी कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. त्यानंतर २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने आला. प्रकृती ढासळते आहे असे वाटले तर कुटुंबाला दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या मुलांच्या राष्ट्रीय धोका-सूचक तक्त्यातही नाडी आणि श्वासाबरोबर पालकाच्या काळजीची नोंद करायची असते. आईचे निरीक्षण हाही पुरावाच आहे, हे मान्य व्हायला प्लॅट अहवालापासून सहा दशके लागली.

पण पालक नेहमी मुलाच्या बाजूचे असतातच असे नाही, आणि ही गोष्ट पदवीतला सर्वांत अवघड धडा ठरते. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बी २००० मध्ये लंडनमध्ये घरच्यांच्या छळाने मरण पावली. त्याआधी ती दोन रुग्णालयांत दाखल झाली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात दिसते की अंगावरच्या खुणा अनेकांनी पाहिल्या होत्या. पण पाहिलेले नीट लिहिले गेले नाही आणि पुढच्या माणसापर्यंत पोचले नाही. पालकाला सहकारी मानायचे आणि त्याच वेळी नजर उघडी ठेवायची, हा तोल व्याख्यानातून येत नाही. अनुभवी परिचारिका एखाद्या वडिलांशी कसे बोलते, कोणता प्रश्न कधी विचारते आणि मग नेमके काय लिहिते, हे शेजारी उभे राहून पाहावे लागते.

संमतीचा प्रश्नही वयाबरोबर सरकतो. गिलिक प्रकरणात १९८५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की सोळा वर्षांखालचे मूलही, उपचार पुरेसा समजत असेल तर, त्याला स्वतः संमती देऊ शकते. त्यामुळे परिचारिकेला प्रत्येक वेळी जोखावे लागते की या मुलीला हे कितपत कळते आहे. वयाचा आकडा विचारून हे काम भागत नाही. वाढीचे टप्पे शिकल्याशिवाय कायदाही वापरता येत नाही.

मृत्यूबद्दल थोडे सांगायला हवे. ऑक्सफर्डमध्ये १९८२ साली सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी ‘हेलन हाउस’ हे मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस सुरू केले आणि अनेक विद्यार्थी आता अशा ठिकाणी काही काळ काम करतात. विशीच्या आतबाहेरचा विद्यार्थी तिथे मरणाऱ्या मुलाच्या भावंडाशी काय बोलायचे ते शिकतो. या कामासाठी लागणारा आधार विद्यापीठे सारख्या प्रमाणात देत नाहीत, आणि ही या शिक्षणाची मोठी उणीव आहे. पैशांची बाजूही सोपी नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती जाऊन शिक्षणकर्ज आले. नंतर २०२० पासून वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे साहाय्य पुन्हा सुरू झाले, पण शुल्काचा बोजा तसाच आहे. स्कॉटलंडने मात्र शिष्यवृत्ती चालू ठेवली. रात्रपाळ्यांसह दोन हजारांहून अधिक तास बिनपगारी काम करणाऱ्याने त्या कामासाठी शुल्कही भरावे, हे न्याय्य ठरवणे कठीण आहे.

स्वतंत्र पदवीच्या विरोधातले मुद्दे वजनदार आहेत. बावीस-तेवीस वर्षांच्या पदवीधराचा रस्ता अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाने अरुंद होतो. फक्त मुलांची शाखा असलेल्या ब्रिटिश परिचारिकेला सर्वसाधारण पात्रता मागणाऱ्या देशांत नोंदणी मिळवणे अवघड जाते. शिवाय मुलेही बदलली आहेत. बालवॉर्डात आता खाण्याच्या विकारांनी किंवा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे आलेली किशोरवयीन मुले बरीच असतात, आणि त्यांना मानसिक आरोग्याची शाखा शिकलेली परिचारिका अधिक उपयोगी पडेल असे वाटण्यास जागा आहे. लॉर्ड विलिस यांच्या २०१५ च्या अहवालाने दोन वर्षे सामाईक आणि मग विशेष शिक्षण असा आराखडा सुचवला होता. जर्मनीने तर २०२० पासून सर्वसाधारण, वृद्धांची आणि मुलांची अशी तिन्ही प्रशिक्षणे एकत्र आणली; मुलांची पात्रता तिथे तिसऱ्या वर्षी निवडता येते.

पदवीमुळेच परिचर्या सुधारते याचा पुरावाही जपून वापरायला हवा. लिंडा ऐकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांत केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी होते असा संबंध दिसला. पण ते रुग्ण शस्त्रक्रिया झालेले प्रौढ होते. मुलांवर तोच आकडा लावणे चूक ठरेल. तरी दोन वर्षे सामाईक शिक्षण घेण्याची सूचना मान्य होण्यासारखी नाही, कारण सामाईक म्हटलेली वर्षे व्यवहारात प्रौढांचीच होतात. रुग्ण प्रौढ जास्त, शिक्षक प्रौढ शाखेचे जास्त, उदाहरणेही त्यांचीच. मूल शेवटच्या प्रकरणात येते. किशोरांच्या मानसिक आरोग्यासाठी मुलांच्याच शाखेत अधिक तास द्यावेत, हा उपाय अधिक सरळ आहे.

भारतात ब्रिटनसारखी शाखा उघडावी असा निष्कर्ष यातून निघत नाही. इथली बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची आहे. २०२१ च्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात बालआरोग्य परिचर्या तिसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांत येते. विशेष शिक्षण हवे तर दोन वर्षांची एम.एस्सी. किंवा नवजात परिचर्येची एका वर्षाची पदविका करावी लागते. तालुक्याच्या रुग्णालयात एकाच पाळीत बाळंतीण, अपघाताचा रुग्ण आणि तापाने फणफणलेले मूल एकाच परिचारिकेच्या हाती येते, तिथे शाखेची भिंत परवडणारी नाही. पण नजर घडवण्याचे काम शाखा न उघडताही करता येते. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेने गावोगावी अंगणवाड्या दिल्या आहेत. निरोगी मूल रोज पाहण्याची एवढी मोठी जागा ब्रिटनच्या विद्यापीठांकडेही नाही. बालआरोग्याच्या सत्राआधी सलग काही आठवडे विद्यार्थ्यांनी अंगणवाडीत काढले, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे पद.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. या स्त्रियांकडे पदवी नव्हती. त्यांच्याकडे एकाच वयाच्या रुग्णावर एकवटलेले शिक्षण, वारंवार घरभेटी आणि श्वास मोजण्याची सवय होती. पदवीच्या पुरस्कर्त्यांना हा पुरावा अडचणीचा वाटू शकतो. पण विशेष शिक्षणाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही.

मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत आता नवजात शिशूंसाठी विशेष काळजी कक्ष (एसएनसीयू) आहेत. तिथल्या परिचारिकेचे कौशल्य तिच्या नेमणुकीवर अवलंबून असते. दोन वर्षे नवजात कक्षात काढून तयार झालेली परिचारिका बदलीने मोठ्यांच्या शल्यविभागात गेली की तिचे शिक्षण तिथे उपयोगी पडत नाही, आणि कक्षात तिच्या जागी आलेली नवी परिचारिका शून्यापासून सुरुवात करते. एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते, त्यामुळे सर्वाधिक शिकलेले हात खाटेपासून सर्वांत दूर असतात. नवजात पदविका किंवा बालआरोग्यातली पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी मुलांच्या वॉर्डातच राहून बढती मिळेल अशी पदे निर्माण करणे, ती पात्रता सेवापुस्तिकेत नेमणुकीची अट म्हणून लिहिणे आणि अशा परिचारिकांची बदली झालीच तर ती दुसऱ्या बालविभागात करणे, हे राज्य सरकारच्या अखत्यारीतले निर्णय आहेत.